संगणक वारंवार बंद पडतो? 'फॉरमॅट' करण्यापूर्वी दोष ओळखणे आवश्यक

वाराणसी : मे आणि जून महिन्यांत गंगेच्या काठावरील या शहराचे तापमान अनेकदा ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास पोहोचते. पश्चिमेकडून येणारी 'लू' धूळ घेऊन येते आणि पाठोपाठ पावसाळ्यातील दमट हवा सुरू होते. माणसाप्रमाणेच संगणकालाही हा काळ कठीण जातो. काम ऐन भरात असताना पडदा निळा किंवा काळा होणे, यंत्र आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होणे, माऊसचा बाण जागच्या जागी गोठणे, अशा तक्रारी या दिवसांत हमखास ऐकू येतात.

या तक्रारींवर वाराणसीतच नव्हे, तर देशभरातील दुरुस्तीच्या दुकानांत एक ठरावीक उत्तर मिळते. 'विंडोज खराब झाले आहे, फॉरमॅट मारावा लागेल,' असे ग्राहकाला सांगितले जाते. ग्राहक संमती देतो, संगणक नव्यासारखा होऊन घरी येतो आणि आठवडाभरात पुन्हा बंद पडतो. मूळ दोष मेमरीच्या पट्टीत, वीज पुरवणाऱ्या पेटीत किंवा धुळीने भरलेल्या पंख्यात असेल, तर फॉरमॅटने तो दूर होणे शक्यच नसते. दोष तसाच राहतो आणि डिस्कवरील माहिती मात्र कायमची जाते.

म्हणूनच संगणक का बंद पडतो आणि दोषाचा शोध कोणत्या क्रमाने घ्यावा, हे सर्वसामान्य वापरकर्त्यानेही जाणून घेणे हिताचे आहे.

काशीचे काम आणि संगणक

वाराणसीची ओळख घाट, मंदिरे आणि रेशमी वस्त्रे यांच्याशी जोडलेली असली, तरी येथील पारंपरिक व्यवसायांतही संगणकाने केव्हाच प्रवेश केला आहे. मदनपुरा, अलईपुरा या विणकरांच्या वस्त्यांत बनारसी साडीचा नक्शा पूर्वी 'नक्शाबंद' कारागीर दोऱ्यांच्या साह्याने बांधत असत. पुढे छिद्रे पाडलेल्या पुठ्ठ्यांवर चालणारा जकार्ड माग आला. आता नक्शा संगणकाच्या पडद्यावर तयार होतो आणि त्यावरून पुठ्ठे पाडले जातात. २००९ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळालेल्या या वस्त्राच्या एका नक्शामागे अनेक दिवसांचे श्रम असतात. ते साठवलेली डिस्क निकामी झाली किंवा पुसली गेली, तर ते सारे श्रम वाया जातात.

संपूर्णानंद संस्कृत विद्यापीठाच्या सरस्वती भवन ग्रंथालयात सुमारे एक लाख हस्तलिखिते आहेत. महाराष्ट्रातून काशीत येऊन स्थायिक झालेल्या पंडित घराण्यांनी घडवलेली ज्ञानपरंपराही याच नगरीतील आहे. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात जाहीर झालेल्या 'ज्ञान भारतम्' मोहिमेत देशातील एक कोटींहून अधिक हस्तलिखितांचे सर्वेक्षण, नोंदणी आणि जतन करण्याचे उद्दिष्ट ठेवण्यात आले आहे. अशी छायाचित्रित पाने अखेर संगणकाच्या डिस्कवरच विसावतात.

याच शहरातील काशी हिंदू विद्यापीठाच्या आवारात असलेल्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत १९ फेब्रुवारी २०१९ रोजी 'परम शिवाय' या महासंगणकाचे लोकार्पण पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते झाले. राष्ट्रीय महासंगणन मोहिमेअंतर्गत उभारलेला हा पहिला महासंगणक होय. त्याची उभारणी पुण्यात मुख्यालय असलेल्या 'सी-डॅक' या संस्थेने केली. डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली याच संस्थेने १९९१ मध्ये 'परम ८०००' तयार केला होता. अशा महासंगणकांच्या रचनेत एक गोष्ट आरंभापासूनच गृहीत धरलेली असते. शेकडो यंत्रे एकत्र काम करीत असताना त्यांपैकी एखादे केव्हा ना केव्हा बंद पडणारच. त्यामुळे प्रदीर्घ गणिते चालू असताना ठरावीक अंतराने त्यांची स्थिती साठवून ठेवली जाते. बिघाड झाल्यास काम शेवटच्या टप्प्यापासून पुन्हा सुरू करता येते. घरातील संगणकाचा वापरकर्ता नेमकी हीच गोष्ट गृहीत धरत नाही.

ड्रायव्हर म्हणजे काय?

संगणकाच्या कार्यप्रणालीची रचना मंदिराच्या रचनेशी ताडून पाहता येते. पत्रलेखन, हिशेब, इंटरनेट यांसाठीचे प्रोग्राम सभामंडपात वावरतात. तेथे एखाद्या भक्ताला भोवळ आली, तर त्याला बाजूला नेले जाते आणि पूजा चालू राहते. म्हणजेच एखादा प्रोग्राम बंद पडला, तरी संगणक चालू राहतो. कार्यप्रणालीचा गाभा, ज्याला 'कर्नल' म्हणतात, तो मात्र गाभाऱ्यासारखा असतो. तेथे मोजक्यांनाच प्रवेश असतो. तेथे गडबड झाली, तर साऱ्या मंदिराचे व्यवहार थांबतात.

ड्रायव्हर हा या गाभाऱ्यात प्रवेश असलेला सेवेकरी आहे. प्रिंटर, ग्राफिक्स कार्ड, वायफाय, डिस्क असे प्रत्येक उपकरण निरनिराळ्या कंपनीचे असते आणि त्याची भाषा वेगळी असते. कार्यप्रणालीची आज्ञा त्या उपकरणाच्या भाषेत पोहोचवणे आणि उपकरणाचे उत्तर परत आणणे, हे ड्रायव्हरचे काम. हा दुभाषी चुकला आणि आपल्या मालकीच्या नसलेल्या मेमरीत लिहू किंवा वाचू लागला, तर कार्यप्रणालीला सर्व काम थांबवण्याखेरीज गत्यंतर राहत नाही. चुकीच्या माहितीवर काम चालू ठेवल्यास डिस्कवरील फाइलीच बिघडण्याचा धोका असतो. म्हणजेच विंडोजमधील कुप्रसिद्ध 'निळा पडदा' हा स्वतः आजार नसून मोठी हानी टाळण्यासाठी केलेली सक्तीची विश्रांती आहे. २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोज ११ मध्ये हा पडदा निळ्याऐवजी काळा केला. रंग बदलला असला, तरी त्याचा अर्थ तोच आहे.

उपकरणे बनवणाऱ्या कंपन्यांचे ड्रायव्हर या बिघाडांना किती प्रमाणात कारणीभूत ठरतात, याची झलक अमेरिकेतील एका खटल्यात उघड झालेल्या कागदपत्रांतून मिळाली होती. विंडोज व्हिस्टाच्या २००७ मधील नोंदवलेल्या बिघाडांपैकी सुमारे २९ टक्के बिघाड केवळ एनव्हिडिया या ग्राफिक्स कंपनीच्या ड्रायव्हरशी निगडित असल्याचे त्यांत नमूद होते.

एका ड्रायव्हरने थांबवलेले जग

ड्रायव्हरमधील लहानशा चुकीचे परिणाम किती व्यापक असू शकतात, हे १९ जुलै २०२४ रोजी जगाने अनुभवले. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने त्या दिवशी भारतीय वेळेनुसार सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी आपल्या ग्राहकांच्या संगणकांना एक छोटी फाइल पाठवली. या कंपनीचे सॉफ्टवेअर कर्नलमध्ये ड्रायव्हर म्हणून काम करते. नव्या फाइलनुसार ड्रायव्हरने माहितीचे २१ रकाने वाचणे अपेक्षित होते. प्रत्यक्षात त्याला २० रकानेच पुरवण्यात आले होते. एकविसावा रकाना वाचण्याच्या प्रयत्नात ड्रायव्हर मेमरीच्या भलत्याच भागात शिरला आणि संगणक कोसळला.

हा ड्रायव्हर संगणक सुरू होतानाच कार्यान्वित होत असल्याने यंत्र पुन्हा सुरू केल्यावरही तीच गत झाली. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे ८५ लाख संगणक बाधित झाले. भारतात बाधित झालेल्या विमान कंपन्यांत इंडिगो, आकासा आणि स्पाइसजेट यांचा समावेश होता. काही विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास देण्यात आले.

कंपनीने १० वाजून ५७ मिनिटांनी, म्हणजे अवघ्या ७८ मिनिटांत सदोष फाइल मागे घेतली. परंतु बंद पडलेल्या बहुसंख्य संगणकांना ही दुरुस्ती आपोआप मिळू शकत नव्हती. तंत्रज्ञांना यंत्रापाशी जाऊन ते 'सेफ मोड'मध्ये सुरू करावे लागले आणि ती फाइल हाताने काढून टाकावी लागली. लाखो यंत्रांवर यशस्वी ठरलेल्या या उपायात कोठेही फॉरमॅटची गरज पडली नाही, ही बाब लक्षात घेण्याजोगी आहे.

तपासाचा आरंभ : आधी प्रत, मग प्रश्न

संगणक अधूनमधून का होईना सुरू होत असेल, तर सर्वप्रथम महत्त्वाच्या फाइलींची प्रत पेन ड्राइव्ह, बाह्य हार्ड डिस्क किंवा इंटरनेटवरील साठवणुकीत घ्यावी. दोष डिस्कमध्येच असल्यास तपासणीच्या ताणानेही ती कायमची निकामी होऊ शकते. संगणक सुरूच होत नसेल, तर डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडणे किंवा पेन ड्राइव्हवरील लिनक्स प्रणालीने यंत्र सुरू करून फाइली उतरवून घेणे शक्य असते.

मात्र, अनेक नव्या संगणकांत डिस्कवरील माहिती सांकेतिक रूपात कुलूपबंद असते. विंडोजमध्ये या व्यवस्थेला 'बिटलॉकर' म्हणतात. तिची ४८ अंकी पुनर्प्राप्ती किल्ली आधीच कागदावर लिहून ठेवलेली बरी. २०२४ च्या घटनेत अनेक कार्यालयांत दुरुस्ती रखडली, ती ही किल्ली हाताशी नसल्यामुळेच.

यानंतर तीन प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहून काढावीत. संगणक पहिल्यांदा केव्हा बंद पडला? त्याच्या आदल्या दोन-तीन दिवसांत कोणते नवे उपकरण, ड्रायव्हर किंवा अद्ययावतीकरण बसवले होते? आणि बंद पडताना नेमके कोणते काम चालू होते? व्हिडिओ किंवा खेळ सुरू केल्यावरच बिघाड होत असल्यास संशय ग्राफिक्स, उष्णता आणि वीजपुरवठा यांच्याकडे जातो. काहीही करीत नसताना, निरनिराळ्या वेळी आणि निरनिराळ्या संदेशांसह बिघाड होत असल्यास मेमरी तपासणे इष्ट ठरते.

पडद्यावर उमटणारा संदेश अनेकदा वाचण्याआधीच नाहीसा होतो, कारण विंडोज आपोआप पुन्हा सुरू होते. 'सिस्टिम प्रॉपर्टीज'मधील 'स्टार्टअप अँड रिकव्हरी' या भागात 'ऑटोमॅटिकली रिस्टार्ट'समोरील खूण काढल्यास संदेश पडद्यावर राहतो. मोबाइलने त्याचे छायाचित्र घेऊन ठेवावे. शोधपट्टीत इंग्रजीत 'रिलायबिलिटी' हा शब्द टंकित केल्यास उघडणाऱ्या 'रिलायबिलिटी मॉनिटर'मध्ये बिघाडांची दिनांकवार नोंद दिसते. नवा ड्रायव्हर आणि पहिला बिघाड एकाच दिवशी दिसल्यास निम्मे काम झाले, असे समजावे.

संदेशांतील काही संज्ञा सूचक असतात. 'व्हिडिओ टीडीआर फेल्युअर' म्हणजे ग्राफिक्स वेळेत उत्तर देत नाही. 'इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस' म्हणजे कार्यप्रणाली असलेली डिस्क सापडत नाही. 'डब्ल्यूएचईए अनकरेक्टेबल एरर' हा बहुतेक वेळा हार्डवेअरने स्वतःच केलेला तक्रार अर्ज असतो. संदेशात एखाद्या ड्रायव्हर फाइलचे नाव असल्यास ते टिपून घ्यावे. मात्र, ज्याचे नाव आले तोच गुन्हेगार, असे प्रत्येक वेळी नसते. सदोष मेमरीमुळे निर्दोष ड्रायव्हरवर आळ येऊ शकतो.

नोंदींमध्ये 'कर्नल-पॉवर ४१' हा उल्लेख पाहून अनेक जण गोंधळतात. संगणक रीतसर बंद न होता थांबला, एवढाच त्याचा अर्थ आहे. त्यामागील कारण तो सांगत नाही.

ड्रायव्हरची परीक्षा

संशय ड्रायव्हरवर असल्यास 'सेफ मोड' ही पहिली कसोटी होय. या अवस्थेत विंडोज अत्यावश्यक ड्रायव्हरच वापरते. 'शिफ्ट' कळ दाबून 'रिस्टार्ट' निवडल्यास मिळणाऱ्या पर्यायांतून सेफ मोडमध्ये जाता येते. संगणक तेथे तासन्‌तास सुरळीत चालत असेल, तर दोष एखाद्या ड्रायव्हरमध्ये किंवा प्रोग्राममध्ये असण्याची शक्यता वाढते. तेथेही बंद पडत असेल, तर हार्डवेअरकडे वळावे. हा निकाल अंतिम मात्र नव्हे. सेफ मोडमध्ये ग्राफिक्स कार्डावर फारसा भार नसतो. त्यामुळे त्यातील दोष तेथे लपून राहू शकतो.

अलीकडे बदललेला ड्रायव्हर 'डिव्हाइस मॅनेजर'मध्ये त्या उपकरणाच्या 'प्रॉपर्टीज'मधील 'रोल बॅक ड्रायव्हर' या बटणाने मागे नेता येतो. हे बटण निष्क्रिय असल्यास ड्रायव्हर काढून टाकून उपकरणाच्या किंवा लॅपटॉपच्या निर्मात्याच्या संकेतस्थळावरून तो नव्याने घ्यावा. 'तुमचे सर्व ड्रायव्हर जुने झाले आहेत' असे सांगून मोफत मदत देऊ करणारे प्रोग्राम टाळावेत. सुरळीत चाललेला ड्रायव्हर केवळ नवा आला म्हणून बदलण्याचीही घाई करू नये. त्यात सुरक्षेची दुरुस्ती असेल, तर मात्र तो बदलणे आवश्यक आहे. 'सिस्टिम रिस्टोअर' सुविधा सुरू ठेवली असल्यास संगणक आधीच्या तारखेच्या स्थितीत नेता येतो आणि वैयक्तिक फाइलींना धक्का लागत नाही.

उष्णता, धूळ आणि वीज

हार्डवेअरच्या दोषांत सर्वांत सामान्य आणि सर्वांत स्वस्तात दूर होणारा दोष म्हणजे साचलेली धूळ. प्रोसेसर ठरावीक मर्यादेपेक्षा तापला, तर तो आधी आपली गती कमी करतो आणि तरीही तापमान वाढतच राहिले, तर यंत्र बंद करतो. अशा वेळी निळा पडदा येत नाही. दिवा विझावा तसा संगणक बंद होतो आणि काही वेळाने, थंड झाल्यावर, पुन्हा सुरू होतो. हे उष्णतेचे ठळक लक्षण आहे.

संगणक बंद करून, वायर काढून, मऊ ब्रशने किंवा हवेच्या झोताने पंखा आणि त्याखालील धातूच्या पात्या स्वच्छ कराव्यात. झोत मारताना पंखा बोटाने धरून ठेवावा. प्रोसेसर आणि पात्या यांच्यामधील उष्णतावाहक लेप काही वर्षांनी कोरडा पडतो. तो बदलून घेतल्यास अनेक जुने संगणक पुन्हा नीट चालू लागतात. लॅपटॉप गादीवर किंवा उशीवर ठेवून वापरल्यास हवा जाण्याची फट बंद होते, हेही ध्यानात ठेवावे.

दुसरा प्रश्न विजेचा. ३० आणि ३१ जुलै २०१२ रोजी ग्रिड कोसळल्याने उत्तर प्रदेशासह देशाचा मोठा भाग अंधारात गेला होता. त्यानंतर परिस्थिती बरीच सुधारली आहे. जुन्या काशीतील वीजवाहिन्या जमिनीखाली नेण्याच्या योजनेचे लोकार्पणही सप्टेंबर २०१८ मध्ये झाले. गल्ल्यांच्या या शहरात तारांना निराळाच शत्रूही आहे. गंगाकाठी बसवलेल्या ऑप्टिकल फायबरच्या तारा माकडे कुरतडत असल्याचे वृत्त २०१५ मध्ये जगभर प्रसिद्ध झाले होते. तरीही संगणकाचे नुकसान पूर्ण वीज जाण्यापेक्षा क्षणिक चढउतारांनी अधिक होते.

कॅबिनेटमधील 'एसएमपीएस' ही पेटी घरातील २३० व्होल्टच्या विजेचे रूपांतर संगणकाला लागणाऱ्या कमी दाबाच्या विजेत करते. ती अशक्त झाली की साध्या कामात संगणक चालतो, मात्र भार वाढताच पुन्हा सुरू होतो. तपासण्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे दुसरी, चांगली असल्याची खात्री असलेली पेटी जोडून पाहणे. ही पेटी घरी उघडू नये, कारण वायर काढल्यानंतरही तिच्यातील कपॅसिटरमध्ये धोकादायक वीज साठलेली असू शकते. मदरबोर्डवरील एखाद्या कपॅसिटरचे डोके फुगलेले दिसल्यास तोही बिघाडाचा पुरावा समजावा.

घरातील इन्व्हर्टरवर संगणक चालवणाऱ्यांनी इन्व्हर्टरचा खटका 'यूपीएस' या स्थितीत आहे का, हे पाहावे. अन्यथा मुख्य वीज जाऊन बॅटरी सुरू होईपर्यंतच्या क्षणार्धातच संगणक बंद पडू शकतो. कॅबिनेटच्या धातूला हात लावताच मुंग्या येत असतील, तर घराचे अर्थिंग सदोष आहे. हा प्रश्न संगणक दुरुस्ती करणाऱ्याचा नसून वायरमनचा आहे आणि तो जिवाशी निगडित असल्याने तातडीने सोडवावा.

मेमरी आणि डिस्क

मेमरी म्हणजे रॅमच्या दोषाचे निदान तुलनेने सोपे आहे. विंडोजमध्ये 'मेमरी डायग्नोस्टिक' ही सोय असून 'मेमटेस्ट ८६' हा अधिक कसून तपासणारा प्रोग्राम पेन ड्राइव्हवरून चालवता येतो. तो रात्रभर चालू द्यावा. संपूर्ण तपासणीत एक जरी चूक आढळली, तरी मेमरी निर्दोष मानता येत नाही.

दोन पट्ट्या असल्यास एकेक काढून पाहिल्यावर सदोष पट्टी ओळखता येते. अनेकदा पट्टी चांगली असते, पण दमट हवेमुळे तिच्या सोनेरी कडेवर मळ चढलेला असतो. दुरुस्ती करणारे ही कड साध्या खोडरबरने हलकेच घासतात. हा उपाय गावठी वाटला, तरी तो बहुतेक वेळा लागू पडतो. मात्र, घासल्यावर रबराचा भुसा पूर्ण काढावा आणि पट्टीला हात लावण्यापूर्वी कॅबिनेटच्या धातूला स्पर्श करून अंगातील स्थिर वीज उतरवावी.

मेमरीतील एखादा अंक कधी कधी कोणत्याही दोषाविना क्षणिक उलटतो. बेल्जियममधील शारबेक येथे २००३ च्या निवडणुकीत एका उमेदवाराच्या खात्यात ४,०९६ मते अधिक दिसली. अंतराळातून येणाऱ्या कणामुळे एक बिट उलटला असावा, हे त्याचे संभाव्य स्पष्टीकरण मानले जाते. महत्त्वाच्या सर्व्हरमध्ये आणि महासंगणकांत अशा चुका स्वतः सुधारणारी 'ईसीसी' मेमरी वापरतात, ती यासाठीच. त्यामुळे वर्षातून एखाद्या वेळी संगणक बंद पडला, तर चिंतेचे कारण नाही. तो वारंवार बंद पडत असेल, तर मात्र दोष शोधलाच पाहिजे.

डिस्कच्या दोषात संगणक आधी मंदावतो, फाइल उघडताना मिनिटभर गोठतो आणि मग कोसळतो. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कमधून 'टक-टक' असा आवाज येऊ लागला, तर ती शेवटची घटका समजून वापर तत्काळ थांबवावा. बहुतेक डिस्क 'स्मार्ट' नावाच्या व्यवस्थेद्वारे आपल्या प्रकृतीची नोंद ठेवतात. 'क्रिस्टल डिस्क इन्फो'सारख्या मोफत प्रोग्रामने ती वाचता येते. डिस्क दुरुस्त करणाऱ्या 'चेक डिस्क' आज्ञेचा वापर प्रत घेतल्यानंतरच करावा, कारण मरणपंथाला लागलेल्या डिस्कवर तो ताण अखेरचा ठरू शकतो. काही वेळा डिस्क ठीक असून तिची केबल सैल किंवा खराब असते. पन्नास-शंभर रुपयांची केबल बदलून हजारोंचा खर्च वाचल्याची उदाहरणे दुरुस्तीच्या व्यवसायात नवी नाहीत.

लक्षणे जेव्हा दिशाभूल करतात

हार्डवेअर आणि ड्रायव्हर यांतील सीमारेषा दरवेळी स्पष्ट असतेच असे नाही. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीच्या काही डेस्कटॉप प्रोसेसरबाबत हा अनुभव आला. हे संगणक खेळताना कोसळत आणि पडद्यावर ग्राफिक्सची मेमरी अपुरी असल्याचा संदेश येई. वापरकर्ते ग्राफिक्सचा ड्रायव्हर पुन्हा पुन्हा बदलत राहिले. प्रत्यक्षात दोष प्रोसेसरमध्ये होता. गरजेपेक्षा अधिक व्होल्टेज मिळाल्याने त्याची कालांतराने झीज होत होती. इंटेलने ऑगस्ट २०२४ मध्ये बायोसद्वारे बसवायची सुधारणा दिली आणि या प्रोसेसरची हमी दोन वर्षांनी वाढवली. या सुधारणेने पुढील झीज रोखता येते. आधीच झिजलेला प्रोसेसर मात्र बदलूनच घ्यावा लागतो.

या उदाहरणातून तपासाचा मूलभूत नियम स्पष्ट होतो. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि तिचा परिणाम पाहूनच पुढे जावे. मेमरी, ड्रायव्हर आणि डिस्क एकाच दिवशी बदलल्यास संगणक कदाचित सुरू होईल, पण दोष कशात होता हे कळणार नाही आणि चांगल्या भागांवरही पैसे खर्च होतील.

दुकानात जाण्यापूर्वी

वरील सर्व तपासण्या घरी करणे प्रत्येकाला शक्य नाही. मदरबोर्ड, एसएमपीएस किंवा प्रोसेसर यांचे दोष तज्ज्ञाकडेच सोपवावेत. मात्र, दुकानात जाताना बिघाडाच्या तारखा, संदेशाचे छायाचित्र आणि अलीकडील बदलांची यादी सोबत न्यावी. संगणक हमीच्या मुदतीत असल्यास कॅबिनेट उघडण्यापूर्वी निर्मात्याच्या सेवा केंद्राशी संपर्क साधावा. 'माझ्या लेखी संमतीशिवाय डिस्क फॉरमॅट करू नये' ही सूचना पावतीवरच लिहून घ्यावी. बदललेला जुना भाग परत मागावा.

फॉरमॅट हा उपाय पूर्णतः निषिद्ध नाही. विषाणूंनी पोखरलेल्या किंवा फाइली बिघडलेल्या कार्यप्रणालीसाठी तो योग्य ठरतो. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपल्याने अनेकांना नवी प्रणाली बसवावी लागत आहे, हेही खरे. आक्षेप एवढाच, की मेमरी, डिस्क, वीज आणि उष्णता तपासल्याशिवाय आणि माहितीची प्रत घेतल्याशिवाय तो पहिला उपाय ठरू नये.

प्रत घेण्याबाबत जगभर एक साधा नियम पाळला जातो. महत्त्वाच्या माहितीच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन निराळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांपैकी एक प्रत घराबाहेर असावी. विणकराचा नक्शा असो, विद्यार्थ्याचा प्रबंध असो की घरातील वडीलधाऱ्यांची छायाचित्रे असोत, बंद पडलेला संगणक दुरुस्त होतो किंवा बदलता येतो. प्रत नसलेली फाइल मात्र एकदा गेली की पुन्हा मिळेलच याची खात्री देता येत नाही.